भोपळा कधी लावायचा? आधी फुलाचे दिवस ठरवा

वाचकाचं पत्र:

"बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं आमचं घर आहे. मागं विहीर, फणस आणि चार गुंठ्यांचं परडं. बरीच वर्षं पुण्यात काढली, आता सासूबाईंजवळ गावीच राहते. हौसेनं बटरनट भोपळा आणि झुकिनीचं बी ऑनलाइन मागवलं. पाकिटावर छापलंय, 'शेवटचं हिम पडून गेल्यावर, मे महिन्यात लावा.' इथं कुठलं हिम? म्हणून मागच्या डिसेंबरात दोन्ही लावली, रोज पाणी घातलं. निम्म्याहून जास्त बी कुजलं. उरलेलं जूनमध्ये लावलं. वेल माजले, फुलंही भरपूर आली, पण बोटाएवढी फळं पिवळी पडून गळून गेली. सासूबाई म्हणतात, अक्षय तृतीयेला आळी कर. शेजारचे काका म्हणतात, मृगाशिवाय वेल लागत नाही. आता पुन्हा डिसेंबर आलाय, नवं पाकीट घरात आहे आणि हात शिवशिवतायत. नेमकं कधी लावू? आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले तर एकमेकांची चव बिघडते का? सासूबाईंचा दुधी त्यामुळं कडू होईल का?"

ताई, नमस्कार.

पाकीट एवढ्यात फोडू नका. रथसप्तमी होऊ द्या, मग बटरनट लावा. झुकिनीला त्याहून उशीर, थेट पुढच्या नवरात्राच्या आसपास. सासूबाई सांगतात ते त्यांच्या दुधी-दोडक्यासाठी अगदी बरोबर आहे आणि शेजारच्या काकांचं तांबड्या भोपळ्यासाठी. उत्तर एवढंच. पण ते असं का, हे एकदा नीट कळलं तर उद्या कुठलंही नवं बी हातात आलं तरी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती पाकिटावरची ओळ. ती ज्यांच्यासाठी छापली ते लोक थंड मुलखात राहतात. तिकडं वसंत सुरू झाला तरी पहाटे हिम पडतं आणि भोपळ्याच्या कुळातलं रोप हिमाच्या एका रात्रीत काळं पडून मरतं. पुढं सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा हिम हजर. मधले चार-पाच महिने काय ते त्यांच्या हातात. बटरनटला बी टाकल्यापासून फळ पिकेपर्यंत १०० ते ११० दिवस लागतात. म्हणून ते लोक एप्रिलमध्येच घरात, खिडकीपाशी रोपं करून ठेवतात आणि हिमाची भीती सरली की बाहेर लावतात. मे महिना हा त्यांच्या हिशोबातला आहे. आपण तो जसाच्या तसा उचलला तर ऐन फुलाच्या वेळी वेल आपल्या जुलैच्या तावडीत सापडतो.

तरीही त्या ओळीत एक गोष्ट आपल्याही कामाची आहे, ती म्हणजे मातीची ऊब. भोपळा, झुकिनी, दुधी, दोडका, काकडी ही सगळी उबेची पिकं. माती १५-१६ अंशांच्या खाली असली तर बी रुजत नाही, पाणी पिऊन फुगतं आणि तिथंच सडतं. वीसच्या वर हालचाल सुरू होते. २५ ते ३० अंशांच्या मातीत आठवड्याभरात कोंब वर येतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा रात्री सरासरी १४ अंशांपर्यंत उतरतो आणि तुमच्या रानाकडच्या भागात गारठा आणखी जाणवतो. दुपारचं ऊन चांगलं असतं, त्यामुळं उघड्या वाफ्यातली माती पुन्हा तापते आणि डिसेंबरातही थोडं बी रुजून जातं. तुमचं जे उगवलं ते असंच. पण तुमच्या परड्यात विहीर आहे, फणस आहे. फणसाची दाट सावली, विहिरीकाठची ओल आणि त्यावर रोजचं पाणी, मग तिथली माती दिवसभरात तापणार कशी? बी वाईट निघालं असं समजू नका. चांगलं बीसुद्धा तिथं कुजलंच असतं.

आता जूनची गोष्ट. तिथं माती उबदार होती, बी रुजलं, वेलही माजले. घोडं अडलं ते फुलापाशी, आणि माझ्या मते आपल्याकडं भोपळ्याचं सगळं गणित या फुलापाशीच आहे.

भोपळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. आधी नर, लांब सडपातळ देठावर. मग आठ-पंधरा दिवसांनी मादी. मादी फूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या खाली देठाशी इवलासा भोपळा आधीच तयार असतो. बटरनटला तो बाटलीच्या आकाराचा, झुकिनीला करंगळीएवढा लांबट. हे फूल उजाडताना उमलतं आणि साधारण दहाच्या आत मिटतं. उमलतं ते एकदाच, दुसऱ्या दिवशी नाही. तेवढ्या तीन-चार तासांत मधमाशीनं नर फुलावरचा पराग आणून मादी फुलाच्या मधल्या जाड गाठीवर टाकायचा. परागही थोडाथोडका पुरत नाही, त्यासाठी माशीच्या बऱ्याच फेऱ्या व्हाव्या लागतात. ते घडलं तर खालचा भोपळा धरतो. नाही घडलं तर दोन-चार दिवसांत टोकाकडून पिवळा पडतो, मऊ होतो आणि गळतो. तुम्ही लिहिलंय ते नेमकं हेच. तो रोग नव्हता, त्यावर फवारायचं काही औषधही नाही.

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जुलैच्या सकाळी कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको. मलप्रभेचा उगमच कणकुंबीत, आणि बेळगाव शहराच्या कितीतरी पट पाऊस तुमच्या त्या बाजूला कोसळतो. सततच्या झडीत मधमाशी पोळ्याबाहेर पडत नाही. पराग भिजून गोळा होतो, नाहीतर धुऊन जातो. पिवळंधमक फूल पावसाच्या पाण्यानं वाटीसारखं भरतं आणि दुपारी लोळागोळा होऊन पडतं. झुकिनी तर पेरल्यापासून ४०-४५ दिवसांत फुलावर येते, म्हणजे जूनमधल्या झुकिनीला ऐन जुलै-ऑगस्टच गाठतो. शिवाय तिचा वेल पसरत नाही, झुडूप होतं. पानं दाटीनं एका जागी, खोड जमिनीलगत, हवा खेळत नाही. अशा झाडाला आपला पावसाळा सोसत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की महिना आधी ठरवूच नका. वेलाला मादी फूल कुठल्या दिवसांत यावं ते ठरवा. सकाळी ऊन पडतं, माश्या फिरतात, पारा पस्तिशीच्या खाली आहे असे दिवस निवडा. तिथून मागं मोजत या, झुकिनीसाठी ४०-४५ दिवस, बटरनट आणि तांबड्या भोपळ्यासाठी ५५-६०. जिथं पोहोचाल तो पेरणीचा दिवस. मग एवढंच पाहायचं की त्या दिवशी माती बीला पुरेशी उबदार आहे का. या दोन्ही अटी जुळतात असे दिवस आपल्या भागात वर्षातून थोडेच येतात, आणि आपल्या जुन्या माणसांनी ते सणांना आणि नक्षत्रांना बांधून ठेवलेत.

पहिले दिवस रथसप्तमीनंतरचे. ती जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येते. गारठा ओसरू लागलेला असतो, दुपारी माती चांगली तापते आणि रात्रीही ती पहिल्यासारखी निवत नाही. तेव्हा बटरनट लावला की मादी फुलं मार्चअखेर-एप्रिलात येतात. सकाळी स्वच्छ ऊन असतं आणि माश्याही भरपूर. फूल धरल्यापासून फळ पिकायला पुढं दीडेक महिना, म्हणजे मेच्या मध्यावर-अखेरीस, मृगाच्या आत, सुका खणखणीत भोपळा घरात. बटरनटचा मोठा गुण म्हणजे तो टिकतो, पण पिकताना कोरडी हवा मिळाली तरच. पावसात पिकलेला भोपळा आतून पाणचट लागतो आणि जमिनीला टेकल्या बाजूनं कुजायला लागतो. म्हणून रथसप्तमीचं काम मार्चवर ढकलू नका. मार्चमधल्या वेलाचं फळ जूनच्या पावसात अर्धकच्चं सापडतं.

या दिवसांत पाणी तुम्हालाच घालावं लागणार. विहीर आहे म्हणून सांगतो, एरवी उन्हाळी वेलाच्या भानगडीत पडू नका असंच म्हटलं असतं.

दुसरे दिवस सासूबाईंचे, अक्षय तृतीयेपासून रोहिणीपर्यंतचे. एप्रिलअखेरपासून मेअखेरपर्यंत माती तापलेली असते आणि वळवाच्या सरी येऊन जातात. या दिवसांत केलेल्या आळ्यात दुधी, दोडका, कारलं, पडवळ, पावसाळी काकडी यांचे वेल रुजतात आणि झडीच्या आधी मांडवावर चढलेले असतात. पाय ओले, डोकं वाऱ्यात. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की ते भरभरून लागतात. दुधीला तर आणखी एक सोय आहे, त्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रीचे पतंग त्याचं काम करतात. दिवसभर कोसळून संध्याकाळी उघडीप मिळाली तरी दुधीचं भागतं. सासूबाईंनी ही कारणं सांगितली नसतील, पण त्यांचा मुहूर्त पक्का आहे.

मग शेजारच्या काकांचा मृग. ७-८ जूनला सूर्य मृगात येतो. आपला जमिनीवर पसरणारा तांबडा भोपळा तेव्हा लावायचा. त्याचा वेल दणकट, पावसाला तो डरत नाही. जुलैत नर फुलं येतात ती वाया गेली तरी बिघडत नाही. मादी फुलं ऑगस्टात, पाऊस धरसोड करू लागल्यावर येतात आणि फळं दसरा-दिवाळीच्या सुमाराला पिकतात. पितृपक्षाच्या भाजीपुरता एखादा कोवळाही मिळून जातो. पण एक अट आहे, बी सपाट जमिनीत टाकू नका. आपल्या पश्चिम भागात रताळ्याचे वेल लावताना माती ओढून उंच वरंबे करतात ना, भोपळ्यालाही पावसाळ्यात तसाच उंचवटा हवा. हात-दीड हात उंच ढीग, त्यात शेणखत, आणि बी माथ्यावर. तुमच्याकडं जून लागला की बीसुद्धा पावसानं उघडं पडतं, म्हणून रोहिणीतच पडवीत रोपं करून ठेवा आणि पहिल्या पावसावर लावा. यासाठी पाकिटातलं परदेशी बी वापरू नका. गावातलं जुनं बी मिळालं तर उत्तम, नाहीतर बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का सूर्यमुखी' ही जात बघा. एक किलोच्या आसपासचं नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचं फळ, घरापुरतं नेमकं, आणि फळमाशीला ती बऱ्यापैकी दाद देत नाही.

तिसरे दिवस हस्त-चित्राचे, म्हणजे २७ सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचे. माझ्या मते झुकिनीला आपल्या भागात यासारखे दिवस नाहीत. पाऊस सरत आलेला, माती अजून उबदार, जमिनीत ओल मुरलेली. तेव्हा लावलेली झुकिनी नोव्हेंबरच्या मध्यावर फुलते, स्वच्छ कोवळ्या उन्हात. फूल धरल्यापासून आठवड्याभरात फळ काढायचं, वीतभर लांब असतानाच. मोठं होऊ दिलं तर बिया जून होतात आणि झाड पुढं फुलायचं कमी करतं. डिसेंबरात रात्री गारठल्या आणि दव पडायला लागलं की पानांवर पांढरी भुरी चढते, पण तोवर तुमची बहुतेक तोडणी उरकलेली असते. हत्तीचा पाऊस जोरात असेल तर चार दिवस थांबा, मात्र स्वातीच्या पुढं जाऊ नका. नोव्हेंबरात लावलेलं रोप वाढायच्या वयात थंडीत सापडतं आणि खुरटून बसतं.

आणि मग मार्गशीर्ष-पौष. हे दिवस बीचे नाहीतच. हात शिवशिवतायत म्हणता, तर आता आळी करा. फणसापासून लांब, जिथं दिवसातून सहा तास तरी थेट ऊन पडतं अशी जागा बघा. दीड फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा काढा. बटरनटचा वेल दहा-बारा फूट सहज पळतो, तेव्हा दोन आळ्यांत सहा फुटांचं अंतर ठेवा. खड्डा महिनाभर उन्हात तापू द्या. मग निम्मी माती आणि निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत कालवून भरा. तुमची तांबडी माती पाण्याचा निचरा छान करते, पण त्या पावसानं तिच्यातला चुना धुऊन गेलेला असतो आणि ती आंबट होते. दोन ओंजळी चुलीची राख मिसळली तर बरंच. कच्चं शेण मात्र घालू नका, ते जमिनीत तापतं आणि मूळ भाजतं.

रथसप्तमीला बी लावताना मातीच्या उबेवर सोडून न देता घरात मोड आणा. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळ, पण आच लागणार नाही अशा जागी ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोकाशी पांढरा मोड दिसतो. मोडाचं बी अंगठ्याच्या पेराएवढं खोल, आडवं ठेवून माती सारा. एका आळ्यात दोन-तीन टाका, पुढं जोमाचं एकच ठेवा. दुसरं उपटू नका, कात्रीनं कापा. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात आणि या कुळाला मुळाला धक्का लागलेला आवडत नाही. त्याच कारणानं रोप पिशवीत केलं असेल तर पहिलं खरं पान, म्हणजे बीतून येणाऱ्या जाड दोन पानांनंतरचं, फुटताच मातीच्या गड्ड्यासकट लावा. मोठं करून लावलेलं रोप महिनाभर तसंच बसून राहतं.

उगवेपर्यंत पाणी अगदी बेतानं. माती मुठीत दाबली की गोळा व्हावी आणि बोटानं टोचला की फुटावी, एवढीच ओल पुरे. तुमचं बी गेलं त्यात थंडीइतकाच या रोजच्या पाण्याचा हात होता.

कोंब वर आल्यावर पहिले पंधरा दिवस राखण करायची ती तांबड्या भुंगेऱ्यांपासून. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, केशरी-तांबडे, उन्हात चकाकतात. पहिली जाड दोन पानं ते चाळणी करून टाकतात आणि रोप तिथंच संपतं. सकाळी लवकर, दव असताना ते सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका आणि पानांवर चाळलेली राख भुरभुरा. चार-पाच खरी पानं झाली की वेल त्यांना पुरून उरतो. पुढं फळं लागल्यावर फळमाशी येते, कोवळ्या फळाला टोचून अंडी घालते आणि फळ आतून किडतं. त्यासाठी वेलवर्गाच्या फळमाशीचा क्यू-ल्यूर सापळा, म्हणजे वासानं नर माश्यांना ओढून पकडणारा, मांडवाजवळ टांगा. टोचलेली फळं वेलाखाली पडू देऊ नका, खोल पुरा. भुरी दिसली तर गंधकाची भुकटी मारायचा सल्ला दुकानात मिळेल, पण या कुळाची पानं गंधकानं भाजतात, विशेषतः उन्हाळ्यात. घरापुरत्या दोन वेलांना भुरीचं पान खुडून टाकणं पुरतं.

आणि फूल. यंदा ते नशिबावर सोडू नका. पहिलं मादी फूल दिसलं की सकाळी सात-साडेसातला परड्यात जा. ताजं उमललेलं नर फूल देठासकट खुडा, पाकळ्या मागं दुमडून काढून टाका. मधला पिवळा दांडा बोटाला लावून बघा, पिवळी पूड लागली पाहिजे. तोच दांडा मादी फुलाच्या मधल्या गाठीवर चारी बाजूंनी हलकेच फिरवा. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरली तर फळ चांगलं भरतं, वाकडं होत नाही. चार दिवसांनी इवला भोपळा हिरवागार आणि फुगलेला दिसला की समजा धरला. दुधीला हेच काम दिवेलागणीला करायचं. उरलेल्या नर फुलांची बेसनात घोळून भजी करा, पण सगळी खुडू नका, रोज दोन-चार वेलावर असू द्या.

एका वेलावर बटरनटची चार-पाच फळं पुरेत. फळाखाली गवताची चुंबळ ठेवा, ओल्या मातीला ते टेकता कामा नये. साल फिकट बदामी झाली, हिरव्या रेघा गेल्या, देठ सुकून कडक झाला आणि नख दाबलं तरी सालीत रुतलं नाही, म्हणजे पिकला. चार बोटं देठ ठेवून कापा, देठ तुटलेला भोपळा आधी नासतो. आठ-दहा दिवस पडवीत वाऱ्यावर सुकवा आणि मग माळ्यावर, एकमेकांना टेकणार नाहीत असे मांडा. पावसाळाभर पुरतात. घारगे करायला आपल्या तांबड्या भोपळ्याइतकाच हा चांगला, गर घट्ट आणि पाणी कमी.

तुमच्यासारखीच विचारणा पूर्वेकडून, गोकाक-अथणी-रायबागकडूनही येते, म्हणून दोन वाक्यं त्यांच्यासाठी. तिकडं ऊन कडक, माती काळी, पाऊस कमी. तिथं संक्रांत झाली की लगेच बी टाका, कारण मार्चअखेर पारा चढला की वेलावर नुसती नर फुलं राहतात. काळ्या मातीत पाणी साचतं, तेव्हा गादीवाफा करा. जवळ मार्गदर्शन हवं असेल तर अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय आणि बैलहोंगल तालुक्यातलं मत्तीकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र आहेच.

आणि ताई, थंड, पावसाळी हवेतच खुलणारी वेलभाजी हवी असेल तर बाजारातून एक सीमेबदनेकाई आणा. चौचौही म्हणतात तिला. तीही भोपळ्याच्याच कुळातली. बी काढायचं नाही, अख्खं फळ घरात सावलीत ठेवायचं. टोकाकडून कोंब फुटला की जूनच्या सुरुवातीला तेच फळ निम्मं मातीत पुरून मांडवाला लावायचं. दिवस लहान व्हायला लागले की तो वेल फुलतो आणि थंडीत फळं देत राहतो. तुमच्या बाजूची हवा तिला मानवेल.

आता शेवटचे दोन प्रश्न. बटरनट आणि झुकिनी शेजारी लावले तरी यंदाच्या फळाची चव बिघडत नाही. फळ हे आईच्या वेलाचं, पराग कुणाचाही असो. फरक पडतो तो आतल्या बियांत. झुकिनीचा संकर बटरनटशी सहसा होत नाही, पण तिच्याच जातीतल्या शोभेच्या भोपळ्यांशी सहज होतो. असं धरलेलं बी पुढच्या वर्षी लावलं तर कडू फळं येऊ शकतात. म्हणून झुकिनीचं बी घरी धरू नका, दरवेळी नवं आणा.

दुधी तर वेगळ्याच घराण्यातला, त्याचा या दोघांशी संकर होतच नाही. सासूबाईंचा दुधी झुकिनीमुळं कडू होणार नाही. पण काही वेळा दुधी मुळातच कडू निघतो, पाण्याचा ताण पडल्यावर किंवा कडू जातीशी संकर झालेल्या बीमुळं. हा कडवटपणा निव्वळ चवीचा मामला नाही. तो कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत. दुधी असो, झुकिनी असो की काकडी, चिरताना एक चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंकून चूळ भरा आणि ते फळ मीठ-साखर घालून वापरण्याचा विचार न करता टाकून द्या. त्या वेलावरची बाकीची फळंही चाखल्याशिवाय स्वयंपाकात घेऊ नका, आणि त्याचं बी तर मुळीच ठेवू नका. सासूबाईंनाही हे आवर्जून सांगा, विशेषतः सकाळी कच्च्या दुधीचा रस घ्यायची सवय घरात कुणाला असेल तर.